देव आहे तर मग हे असं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकरावी-बारावीच्या आर्ट्सच्या पोरांना तर्कशास्त्र शिकवते. दरवर्षी कोणीतरी एक जण हा विषय काढतोच, मग त्याचे मित्र, मग त्यांच्या आया, आणि आता तर जुने विद्यार्थीसुद्धा रात्री अकराला व्हॉइस नोट पाठवतात. तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, शिव्या तेवढ्या काढल्यात.

१. अशुभाची समस्या म्हणजे नक्की काय? परीक्षेच्या भाषेत नको.

समजा सोसायटीत रात्री चोरी झाली. वॉचमन जागा होता, त्याला सगळं दिसत होतं, हातात काठी होती, आणि माणूस म्हणून तो फार चांगला आहे असं सगळे म्हणतात. मग उठला का नाही? एक तर त्याला दिसलं नसेल, नाहीतर जमलं नसेल, नाहीतर तो आपण समजतो तेवढा चांगला नसेल. आता वॉचमनच्या जागी देव ठेवा. सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, परमदयाळू, हे तीनही एकदम मानायचं आणि समोर लहान पोराला कॅन्सर झालेला बघायचा, तर या चार गोष्टी एकत्र बसत नाहीत, निदान पहिल्या नजरेला तरी. बस एवढंच आहे. पुस्तकात याला अशुभाची समस्या म्हणतात, मला स्वतःला ज्ञानेश्वरांचा 'दुरित' शब्द जास्त आवडतो, 'दुरितांचे तिमिर जावो' मधला, पण परीक्षेत अशुभच लिहा.

२. हे पहिल्यांदा कोणी विचारलं?

पहिल्यांदा विचारणाऱ्याचं नाव कोणालाच माहीत नसणार, ती बहुतेक एखादी आई असेल. लिहिलेल्यात ग्रीक एपिक्युरसचं नाव घेतात (इसवी सनापूर्वी ३४१ ते २७०), पण त्याचा हा युक्तिवाद आपल्यापर्यंत आला तो लॅक्टॅन्शिअस नावाच्या ख्रिस्ती लेखकामुळे, जो तो खोडायला निघाला होता. पुढे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने धर्मावरच्या आपल्या संवादांच्या पुस्तकात तो पुन्हा बाहेर काढला, आणि ते संवाद छापले गेले १७७९ ला, म्हणजे तो मेल्यावर तीन वर्षांनी. जिवंतपणी छापायची हिंमत मित्रांनी होऊ दिली नाही. आपल्याकडचं उत्तर ७ आणि १० मध्ये आहे.

३. अशुभ म्हणजे पाप ना? मग भूकंपात कोणाचं पाप?

बरोबर पकडलंत, म्हणून याचे दोन भाग करतात. माणसाने माणसाला केलेलं एक, आणि निसर्गाने केलेलं दुसरं. पहिल्यात निदान बोट दाखवायला कोणीतरी असतं.

दुसऱ्यासाठी जगभर एक उदाहरण देतात ते लिस्बनचं. १ नोव्हेंबर १७५५, सकाळचे साडेनऊ वाजून गेलेले, सर्व संतांचा सण, म्हणून लोक चर्चमध्ये. भूकंप झाला, छतं प्रार्थना करणाऱ्यांवर पडली, मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आगी लागल्या, जे वाचले ते मोकळ्या जागेत म्हणून किनाऱ्याकडे पळाले तर समुद्र आत आला. त्याच्या आधी ४५ वर्षं, १७१० ला, जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झने लिहून ठेवलं होतं की शक्य असलेल्या सगळ्या जगांमध्ये हेच जग सर्वांत उत्तम. फ्रेंच लेखक व्होल्टेअरने या वाक्याची जी टर उडवली ती अजून संपलेली नाही. मलाग्रिदा नावाच्या जेझुइट धर्मगुरूने सांगितलं की ही देवाची शिक्षा आहे, घरं काय बांधताय, प्रायश्चित्त घ्या. आणि पुढे मोठा तत्त्वज्ञ झालेला तरुण कांट मात्र १७५६ ला बसून भूकंप का होतो यावर लेख लिहीत होता, जमिनीखाली काय असेल याचा त्याचा अंदाज चुकला पण प्रश्न त्याने बरोबर ठिकाणी विचारला.

मला लिस्बन वाचलं की किल्लारीच आठवतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला थोडी मिनिटं कमी, गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले. लातूर-उस्मानाबाद भागात जवळपास दहा हजार माणसं गेली. तिथेही सण, तिथेही देव नुकताच पोचवून आलेले. पण दहा हजार का, याचं उत्तर भिंतीत होतं. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडावर मातीचा थर दिलेलं माळवद, तो थर गळू नये म्हणून वर्षानुवर्षं वाढवत नेलेला. उन्हाळ्यात थंडगार, आणि त्या पहाटे सगळं अंगावर. तितक्याच ताकदीचा भूकंप दुसरीकडे झाला तर घरं वेगळी असल्यामुळे माणसं वाचतात. म्हणजे निसर्गाच्या खात्यावर टाकलेलं बरंचसं दुःख शेवटी माणसाच्या खात्यावर येतं. बरंचसं, सगळं नाही. त्या 'सगळं नाही' वर हा प्रश्न उभा आहे.

४. मॅडम एका शब्दात सांगा, देव नाही हे यावरून सिद्ध होतं की नाही?

एका शब्दात 'नाही', पण खूश होऊ नका. १९५५ साली जे. एल. मॅकी हा नास्तिक तत्त्वज्ञ म्हणाला की इथे सरळ विसंगती आहे, म्हणजे चौकोनी वर्तुळासारखी. १९७४ ला अॅल्विन प्लँटिंगा या आस्तिक तत्त्वज्ञाने दाखवलं की देवाकडे काहीतरी कारण असणं नुसतं शक्य जरी असलं तरी विसंगती उरत नाही, आणि हे बहुतेक नास्तिक तत्त्वज्ञांनीही मान्य करून टाकलं. म्हणून मग डाव बदलला. १९७९ ला विल्यम रोने एक साधं उदाहरण दिलं, दूर जंगलात वीज पडून वणवा लागतो, एक हरणाचं पाडस भाजतं, कित्येक दिवस तडफडतं आणि मरतं. कोणी बघत नाही, कोणी काही शिकत नाही, कोणाची करुणा जागी होत नाही. अशक्य नाही हो, पण हे कोणत्यातरी मोठ्या चांगल्यासाठी होतं हे पटतं का? आता वाद 'सिद्ध झालं का' वरून 'पारडं कुठे झुकतं' वर आलाय. पोरं पेपरात मॅकी आणि रो यांची गल्लत करतात, तेवढी करू नका.

५. देवाने माणसाला मोकळीक दिलीय, वाईट माणूस करतो, यात देवाचा काय दोष?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि उत्तर म्हणून तो वाईट नाही. चावी दिलेली बाहुली खोटं बोलत नाही पण तिला खरं बोलणारी असं कोणी म्हणणार नाही. चांगुलपणा हवा तर वाईटाची वाट उघडी ठेवावी लागते, प्लँटिंगाचं म्हणणं थोडक्यात हेच.

पण तीन ठिकाणी अडतं. एक, पाडस (प्रश्न ४) आणि माळवद (प्रश्न ३), तिथे कोणाचीच इच्छा नव्हती. दोन, मोकळीक मारणाऱ्याला मिळाली, मरणाऱ्याच्या मोकळिकीचं काय? तीन, आपण स्वतः इतकी मोकळीक कोणाला देत नाही, पोरगं गॅसच्या नॉबशी खेळायला लागलं तर 'त्याच्या इच्छास्वातंत्र्याचा आदर' म्हणून बसून राहणाऱ्या आईला शेजारीपाजारी काय म्हणतील ते तुम्हीच सांगा.

६. दुःखाशिवाय माणूस घडत नाही, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण नाही, हे उत्तर का चालत नाही?

चालतं, पण कोण बोलतंय यावर आहे. जॉन हिक या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने १९६६ ला हेच मांडलं, जग म्हणजे आरामाची खोली नसून माणूस घडवायची जागा. आणि आपल्याकडे तुकोबा तर याहून पुढे जातात. १६३० च्या दुष्काळात घर धुऊन निघालं, 'दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली', आणि तेच तुकोबा म्हणतात 'बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली'. हे वाचताना घसा दाटतो, कारण हिशोब ज्याचा होता त्याने स्वतः मिटवलाय. तेच वाक्य गावच्या सावकाराने तुकोबांच्या ओट्यावर येऊन म्हटलं असतं तर? बरं झालं म्हणायचा हक्क तुकोबांचा, आणि तोही फक्त स्वतःपुरता, कारण जी 'अन्न अन्न' करत गेली ती कशी घडली? तिला विचारायला कोणी उरलं नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर हे उत्तर उभंच राहत नाही.

७. हे सगळं पाश्चात्त्यांचं डोकेदुखी आहे ना? आपल्याकडे कर्मसिद्धांत आहे, विषय संपला.

विषय संपला असता तर बादरायणाने त्यावर सूत्र कशाला लिहिलं असतं? वेदान्ताचा त्याचा मूळ ग्रंथ ब्रह्मसूत्रं, दुसरा अध्याय, पहिला पाद, ३४ वं सूत्र: 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात् तथा हि दर्शयति'. वैषम्य म्हणजे पक्षपात, नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. हेच दोन आरोप देवावर लागतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. उत्तर असं की देव एकटा ठरवत नाही, जीवाच्या कर्माकडे बघून फळ देतो. शंकराचार्य इथे पावसाचं उदाहरण देतात, पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच, भात उगवतो की जव ते बी ठरवतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे उदाहरण लगेच पटतं, आणि लगेच शंकाही येते की अहो पाऊस कुठे सगळ्यांवर सारखा पडतो.

पुढचंच सूत्र त्याहून हुशार आहे. समोरचा विचारतो, सगळ्यात पहिल्यांदा सृष्टी झाली तेव्हा कोणाचंच कर्म नव्हतं, मग पहिला फरक कुठून आला? उत्तर: पहिलं असं काही नाहीच, संसार अनादि आहे. तर्कशास्त्राची टीचर म्हणून सांगते, ही चाल पक्की आहे, विसंगती इथे सापडत नाही. पण फळ्यावर बरोबर आलेलं गणित दवाखान्यात काय करतं ते बघा. कर्माचं उत्तर जितकं घट्ट तितकं ते सहन करणाऱ्यावर उलटतं: भोगतोयस म्हणजे केलं असशील. मागच्या जन्मीचं आठवत नाही, तपासता येत नाही, अपील नाही. आणि हेच वाक्य शेकडो वर्षं जातीच्या उतरंडीला टेकू म्हणून वापरलं, 'तुझा जन्मच तसा'. बाबासाहेब आंबेडकरांचा यावरचा राग तिथूनच आहे. आता कोणी म्हणेल की सिद्धांताचा गैरवापर झाला, सिद्धांत चुकीचा नाही. असेल. पण जो सिद्धांत जवळपास प्रत्येक वेळी वरच्याच्या सोयीचा निघतो त्याच्याकडे मी जरा बारीक डोळे करून बघते.

८. गांधीजींनी भूकंपाला पापाची शिक्षा म्हटलं होतं हे खरंय की फॉरवर्ड?

खरंय. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. गांधीजी तेव्हा दक्षिणेत अस्पृश्यतेविरुद्ध दौऱ्यावर होते आणि ते म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी लगेच जाहीर विरोध केला, आणि गांधीजींनी ते पत्र फेब्रुवारीत आपल्याच 'हरिजन' मध्ये छापलं, हे मला दोघांबद्दलही फार आवडतं. टागोरांचा मुद्दा धारदार होता: भौतिक घटनेला भौतिक कारण असतं, आणि ही असली दलील तुमच्यापेक्षा तुमच्या विरोधकांनाच जास्त शोभते, ते उद्या म्हणतील अस्पृश्यता मोडायला निघालात म्हणूनच देव कोपला. गांधीजी हटले नाहीत. हेतू कितीही चांगला असला तरी मलाग्रिदाच्या (प्रश्न ३) बाकावर जाऊन बसायचा मोह कोणालाही होऊ शकतो. मेलेल्यांत अस्पृश्यता पाळणारे होते आणि सोसणारेही होते, हे मात्र कोणाच्याच हिशोबात बसत नाही.

९. आपल्याला कुठे कळतो देवाचा प्लॅन? मुंगीला माणसाचं काय कळणार?

रोच्या पाडसाला (प्रश्न ४) देतात ते हेच उत्तर, आणि ते खोडता येत नाही. फक्त त्याची किंमत पूर्ण भरा एवढंच माझं म्हणणं. घाटात बस दरीत जाते, चाळीस जण जातात, एक बाळ झुडपात अडकून वाचतं आणि दुसऱ्या दिवशी हेडलाइन येते 'देव तारी त्याला कोण मारी'. आता चाळीस जण का गेले हे आपल्याला कळत नाही म्हणता, तर बाळ का वाचलं हे कसं कळलं? प्लॅन कळत नाही तर दोन्हीकडे कळत नाही. नवस फेडायलाही मग जाता येत नाही. इतकं सातत्य पाळणारा भक्त मला अजून भेटायचाय.

लीलेचं उत्तर, म्हणजे जग हा देवाचा नुसता खेळ (७ मधल्याच ब्रह्मसूत्रांच्या पादातलं ३३ वं सूत्र, 'लोकवत्तु लीलाकैवल्यम्'), देव जग का करतो ते सांगतं. खेळात कोणाला लागलं तर काय, ते पुढच्या सूत्रावर सोडून देतं, म्हणजे पुन्हा ७ वर या.

१०. बौद्ध आणि जैनांना हा प्रश्न पडतच नसेल ना?

त्यांनी तो आस्तिकांना विचारण्यासाठी वापरला. भूरिदत्त जातकात (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींपैकी एक) सरळ विचारलंय की ब्रह्मा सगळ्यांचा धनी आहे तर जगात एवढी फसवणूक, खोटेपणा आणि दुःख का ठेवलं. नवव्या शतकातले जैन आचार्य जिनसेन तर सृष्टिकर्त्याच्या कल्पनेची एकेक वीट काढतात, जग करण्याआधी तो कुठे होता, कशापासून केलं, गरजच काय पडली. वेद मानणाऱ्या मीमांसक आणि सांख्यवाल्यांचंही जगाच्या कर्त्यावाचून अडत नव्हतं, म्हणजे देव न मानणं ही काही बाहेरून आलेली फॅशन नाही. आणि बुद्धाचं ते प्रसिद्ध उदाहरण, विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो बाण कोणी मारला, कोणत्या जातीच्या माणसाने, धनुष्य कसलं, हे कळेपर्यंत काढू देणार नाही. तो मरेल, उत्तरं मिळणार नाहीत.

पण कर्म तेही मानतात, म्हणून ७ मधली 'भोगतोयस म्हणजे केलं असशील' ही अडचण त्यांनाही चुकत नाही.

११. देवच नाही मानलात तर चांगलं-वाईट कुठून आणलंत? नास्तिकाला तक्रारीचा हक्क काय?

ही गुगली चांगली आहे, पण नो बॉल आहे. तक्रार करणारा म्हणतो, 'तुमच्याच म्हणण्याप्रमाणे' देव दयाळू आहे आणि 'तुमच्याच म्हणण्याप्रमाणे' हे वाईट आहे, मग जुळवून दाखवा. त्यासाठी त्याने स्वतः काही मानायची गरज नाही. वकील पण समोरच्याच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेतोच की. नीती देवाशिवाय उभी राहते का हा खरा आणि वेगळा प्रश्न आहे, पण तो पुढे करून हा टाळता येत नाही.

१२. देव दयाळू आहे पण सर्वशक्तिमान नाही असं मानलं तर सुटतं का?

सुटतं, लॉजिकली एकदम क्लीन. पारशी परंपरेत अहुर मज्द पूर्ण चांगला, आणि वाईट करणारा अंग्र मैन्यु वेगळाच, माणसाने कोणाच्या बाजूने उभं राहायचं ते ठरवायचं. हान्स योनास या ज्यू तत्त्वज्ञाची आई नाझींच्या ऑश्वित्झ छळछावणीत मारली गेली, त्याने १९८४ च्या एका व्याख्यानात म्हटलं की देवाने आपलं सामर्थ्य सोडूनच दिलंय, तो मध्ये पडला नाही कारण पडू शकत नव्हता.

आपल्याकडे कोणी असं उघड लिहीत नाही, पण विठोबाकडे बघा. उगारलेलं शस्त्र नाही, कमरेवर हात ठेवून विटेवर उभा. त्याच्याकडे लोक प्रॉब्लेम सोडवायला कमी आणि भेटायला जास्त जातात. (हे माझं मत, पेपरात लिहू नका.)

१३. संतांनी याचं काय उत्तर दिलं?

पुष्कळदा उत्तर दिलंच नाही, भांडले. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा देवाला तोंडावर सुनावतो: 'आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती । जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता'. यात कर्म आहे का, प्लॅन आहे का? नाही, सरळ 'तुला लाज वाटत नाही का'. चोखोबा स्वतः १३३८ मध्ये मंगळवेढ्याला भिंत कोसळून तिच्याखाली गेले, मजुरीवर होते तेव्हा. आणि तुकोबा, ज्यांना आपण 'बरें झालें' साठी कोट करतो, तेच एका अभंगात म्हणतात 'माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल'. हे व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगच्या फोटोवर कोणी टाकत नाही.

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात दोनच खाती असतात, मानणारे आणि न मानणारे. देवाशी अबोला धरणारा कुठे टाकायचा? अबोला तर आपण त्याच्याशीच धरतो ज्याच्याकडून अपेक्षा असते.

१४. घरात लहान मूल गेलंय, त्यांना भेटायला जायचंय, यातलं काय सांगू?

यातलं काहीही नाही. बायबलमधल्या ईयोबाचे, म्हणजे काही दोष नसताना सगळं गमावलेल्या माणसाचे, मित्र येतात तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तिथवर ते उत्तम मित्र असतात. मग तोंड उघडतात आणि 'तूच काहीतरी केलं असशील' सुरू होतं, आणि शेवटी देव स्वतः त्यांच्यावर चिडतो, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

आमच्या जुन्या वाड्यातली गोष्ट. समोरच्या काकूंचा नातू आजारी होता, सात वर्षांचा. त्यांनी देव पाण्यात ठेवले. तांब्याच्या घंगाळात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, सगळे बुडवून, बरा झाला की काढीन म्हणून. तो गेला. तेराव्यापर्यंत लोक येत राहिले, 'चांगली माणसं देवालाही हवी असतात', 'ऋणानुबंध तेवढाच', काकू मान हलवायच्या. देव पाण्यातच. घंगाळाच्या कडेला हिरवट चढायला लागलं, काढायला सांगायची कोणाची छाती होईना. माझी आजी एक दिवस गेली, काही बोलली नाही, चिंच घेऊन घंगाळ घासायला बसली. काकू थोड्या वेळाने उठल्या, शेजारी बसल्या आणि एकेक देव पदराने पुसायला लागल्या. पुसताना त्या बाळकृष्णाला जे काही बोलत होत्या ते मी इथे लिहू शकत नाही.

१५. हे सगळं झालं, पण मॅडम तुम्ही मानता का?

वर्गात विचाराल तर सांगेन की सर्वज्ञ-सर्वशक्तिमान-परमदयाळू असं तिन्ही लेबलं लावलेल्या देवाची केस मला कमकुवत वाटते, ५, ६, ७, ९ चारही उत्तरं वाचून झाल्यावरसुद्धा. घरी विचाराल तर संध्याकाळी दिवा लावते. या दोन गोष्टी जुळतात का म्हणून एका मुलीने मागच्या महिन्यात विचारलं, तिला म्हटलं पेपर तपासायचे आहेत, उद्या बोलू. ती अजून मागे लागलेली आहे.